आधी चिठ्ठ्या टाका, मग डोळे मिटायला सांगा

प्रति,
संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य,
नवी मुंबईतील सर्व शाळा

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेने मध्यंतरी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक परिपत्रक टाकले. आठवड्याला पीटीचे दोन तास होते, त्यातला एक आता ध्यानाचा होणार. पाचवी ते नववी सगळ्यांना बसावेच लागेल. कारण असे दिले आहे की ध्यानाने मेंदूची रचना बदलते, एकाग्रता आणि गुण वाढतात, आणि हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. सोबत मेंदूचे एक चित्र, लाल-पिवळ्या ठिपक्यांचे. कुणाचा अभ्यास, किती माणसांवर केला, कुठे छापला, काही पत्ता नाही. वाशी, सानपाडा, खारघरच्या मैत्रिणींना विचारले, तर त्यांच्या मुलांच्या शाळांतही असेच काही सुरू झाले आहे किंवा व्हायच्या बेतात आहे. २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून पाळायचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये केला, त्यामुळे या उत्साहाला आता एक हक्काची तारीखही मिळाली आहे. म्हणून एका शाळेला न लिहिता सगळ्यांनाच लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि सकाळी सोसायटीच्या पाण्याची वेळ व्हायच्या आत रोज थोडा वेळ ध्यानाला बसते. तेव्हा 'ही बाई ध्यानाच्या विरोधातली दिसते' असे म्हणून कृपया पत्र बाजूला ठेवू नका. माझे म्हणणे एवढेच आहे. मुलांना ध्यान शिकवायचे तर शिकवा. पण सक्ती नको, खेळाचा तास कापून नको आणि 'सिद्ध झाले आहे' असे छापून नको, कारण शाळकरी मुलांच्या बाबतीत ते सिद्ध झालेले नाही. होते का, हे पाहणे मात्र आपल्याला शक्य आहे, आणि ते फार खर्चाचेही नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी त्या ठिपक्यांच्या चित्राविषयी.

२००५ साली अमेरिकेत सारा लझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्या २० जणांच्या मेंदूचे स्कॅन ध्यान न करणाऱ्या १५ जणांच्या स्कॅनशी ताडून पाहिले. ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर काही भागांत जाड दिसला. बातमी जगभर गेली. आता, जो माणूस वर्षानुवर्षे रोज बसतो आणि जो बसत नाही, त्यांच्यात झोप, खाणेपिणे, स्वभाव, हाताशी असलेला मोकळा वेळ असे कितीतरी फरक आधीपासूनच असू शकतात. ही शंका संशोधकांनाही होतीच. म्हणून २०११ मध्ये ब्रिटा होल्झेल, लझार वगैरेंनी आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाला जाणाऱ्या १६ जणांचे आधी आणि नंतर असे स्कॅन घेतले. मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी वाढल्याचे त्यांना आढळले. 'आठ आठवड्यांत मेंदू बदलतो' हे वाक्य आपल्याकडे फिरते, त्याचे मूळ मुख्यतः इथे आहे. सोळा माणसांत. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एका पातेल्यात एका आचेवर शिजलेला असतो. माणसांचे तसे नसते, हे अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी मुलांना सांगते.

मग २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेने दोन चाचण्या मिळून २१८ माणसांवर हेच पुन्हा तपासले. कुणी ध्यानवर्गाला जायचे आणि कुणी नाही, हे सोडत काढून ठरवले होते. आठ आठवड्यांच्या वर्गाने मेंदूच्या रचनेत फरक पडल्याचे दिसले नाही. हे डेव्हिडसन ध्यानाचे टीकाकार नव्हेत. दीर्घ साधना केलेल्या आठ बौद्ध साधकांच्या मेंदूत विलक्षण जोरकस गॅमा लहरी (वेगवान विद्युत लहरी) दाखवणारा २००४ चा गाजलेला अभ्यास त्यांच्याच प्रयोगशाळेतला. पण त्या साधकांची बैठक दहा हजार ते पन्नास हजार तासांची होती. आपली आठवड्याला एक तासिका, त्यात गणपती, दिवाळी, स्नेहसंमेलन आणि परीक्षा वजा करा. वर्षाला वीस तास भरले तरी खूप. दहा हजार तासांचा पुरावा वीस तासांच्या वर्गाला जोडायचा, ही माझ्या विषयातली मोठी चूक आहे. परिपत्रकात ती रंगीत छापली आहे.

याचा अर्थ ध्यानाचा उपयोग होत नाही असा नव्हे. होतो, आणि कुठे किती होतो हे बऱ्यापैकी मोजलेलेही आहे. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ४७ चाचण्या आणि ३,५१५ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम आराम पडतो, असा मध्यम ताकदीचा पुरावा त्यांना मिळाला. लक्ष, झोप, वजन यांबाबत काही ठाम म्हणावे इतका पुरावा मिळाला नाही. औषध, व्यायाम किंवा इतर मानसोपचारापेक्षा ध्यान सरस आहे, असेही दिसले नाही. त्यानंतरचे दोन निकाल मला जास्त महत्त्वाचे वाटतात. पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्या ४२४ रुग्णांवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीत (२०१५) औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना दोन वर्षांत आजार उलटला, ध्यानावर आधारलेला उपचार घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना; म्हणजे जवळजवळ बरोबरी. आणि चिंताविकार असलेल्या २७६ जणांवरच्या अमेरिकी चाचणीत (२०२२) आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या औषधापेक्षा कमी पडला नाही. नुसते बसून औषधाच्या तोडीला उतरणे ही थट्टा नाही. (गोळ्या चालू असलेल्या कुणी हे वाचून त्या बंद करू नयेत. ब्रिटनच्या चाचणीतही त्या डॉक्टरांच्या मदतीने हळूहळू कमी केल्या होत्या.)

पण ही सगळी मोठी माणसे होती. आजाराचे निदान झालेली, स्वतःच्या पायांनी आलेली, आणि शिकवणारे त्यात मुरलेले. आपल्या सातवी 'ब' मध्ये यातले काय आहे?

मुलांबद्दल विचारायचे तर ब्रिटनमधली एक चाचणी आहे, तिचे नाव मिरियड. माझी खरी विनंती अशी, की पुढच्या पालकसभेच्या आधी प्रत्येक मुख्याध्यापकांनी तिच्याबद्दल वाचावे. शाळांतल्या ध्यानावरची इतकी मोठी आणि काटेकोर चाचणी क्वचितच झाली असेल. ८४ शाळा, अकरा ते चौदा वयाची आठ हजारांहून जास्त मुले. प्रमुख संशोधकांत ऑक्सफर्डचे विलेम कायकेन, म्हणजे ४२४ रुग्णांची वर सांगितलेली चाचणी करणारेच. हयात ध्यानाच्या प्रसारात घालवलेला माणूस. कुठल्या शाळेत ध्यान आणि कुठल्या शाळेत नेहमीचेच मूल्यशिक्षणासारखे तास, हे सोडतीने ठरवले. शिक्षकांना आधी स्वतः ध्यान करायला शिकवले, मग वर्गात कसे शिकवायचे ते शिकवले, मग त्यांनी दहा पाठ घेतले. एका वर्षानंतर मोजले: नैराश्याचा धोका, भावनिक आणि सामाजिक वागणूक, एकूण बरे वाटणे. दोन्हींकडच्या मुलांत फरक नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. (ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.) ज्या मुलांना आधीपासून मानसिक त्रास होता, त्यांच्या बाबतीत तर ध्यानवर्गाने फायद्याऐवजी किंचित उलटेच झाल्याच्या खुणा दिसल्या. हा निकाल २०२२ मध्ये कायकेन आणि मंडळींनी स्वतः प्रसिद्ध केला. आयुष्यभर ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला, तिच्याबद्दलचा नकोसा निकाल दडवून न ठेवता छापायचा, याला मी साधनाच म्हणेन.

त्या चाचणीत फायदा झाला तो शिक्षकांना. त्यांचा थकवा, उबग निदान काही काळ कमी झाला आणि शाळेतले वातावरणही सुधारले. तेव्हा या वर्षी ध्यानाचा तास स्टाफरूममध्ये ठेवून पाहा, असे मी निम्मे गमतीने आणि निम्मे गंभीरपणे सुचवते. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन नोंदी आणि वर साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या ताई-सरांना त्याची गरज मुलांहून जास्त असेल.

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मला मिळालेले आहे. 'ती तिकडची मुले. आपल्याकडे संस्कार आहेत, वातावरण वेगळे आहे.' असेल, नक्कीच असेल. पण मग मेंदूचे चित्रही तिकडचेच आहे. ते चालते आणि निकाल चालत नाही, हे कसे? आपल्याकडचा अनुभव हवा असेल तर तोही आहे. राज्याच्या शिक्षण खात्याने इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासासोबत 'मित्र उपक्रम' राबवला, त्यात शाळा सुरू होताना आणि सुटताना काही मिनिटे आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे. मुले शांत झाली, भांडणे कमी झाली, असे सांगणारे शिक्षक मला भेटले आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. प्रश्न वेगळा आहे. ज्या शाळांत आनापान नव्हते, तिथली मुले त्याच काळात किती शांत झाली?

हा प्रश्न नुसता खवचटपणा वाटेल, म्हणून जरा थांबून सांगते. समजा, ऑगस्टमध्ये तुम्ही वर्गातली सगळ्यात चंचल दहा मुले निवडलीत आणि त्यांना काहीही केले: ध्यान, चित्रकला, रोज एक केळे. डिसेंबरमध्ये त्यांतली बरीच मुले सुधारलेली दिसतील. कारण आपण त्यांना पकडले तेच त्यांच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. कुणाच्या घरी आजारपण होते, कुणाचे बाबा शिफ्ट बदलून रात्रपाळीला गेले होते, कुणाचा मित्र शाळा सोडून गेला होता. टोकाला गेलेली गोष्ट बहुतेक वेळा आपोआप मध्याकडे सरकते. फ्रान्सिस गाल्टन यांनी हे एकोणिसाव्या शतकात आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवर दाखवून दिले. उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी बुटकी निघतात. शेजारी दुसरा गट ठेवून पाहिल्याशिवाय केळे आणि ध्यान यांतला फरक कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.

पीटीचा तास. याबद्दल मला राग आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मुलांना ते रविवारीही मिळत नाही. इमारतीखाली गाड्या, मैदानावर सभा नाहीतर लग्नाचे मांडव, आणि उरलेला वेळ क्लासला. व्यायामाहून ध्यान सरस असल्याचा पुरावा सापडत नाही, हे वर आलेच आहे. आठवड्याच्या दोन तासांतला एक काढून मुलांना पुन्हा खाली बसवायचे असेल, तर निदान 'आरोग्यासाठी' हा शब्द वापरू नका.

आता ज्या गोष्टीचा परिपत्रकात उल्लेखही नाही, ती. ध्यानाचा त्रासही होतो. ब्राउन विद्यापीठातल्या जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य देशांतल्या ६० बौद्ध साधकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. झोप उडणे, अकारण भीती, अंगाला कंप सुटणे, आपण आपल्यापासून तुटलो आहोत असे वाटणे, जुन्या आठवणी उसळणे: अशा अनुभवांचे त्यांनी ५९ प्रकार नोंदवले. काहींचे चार दिवसांत निवळले, काहींना वर्षे लागली. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग असा, की एकच अनुभव एका गुरूला प्रगतीची पायरी वाटतो, दुसऱ्याला अडथळा आणि डॉक्टरला आजार. आणि साधकाच्या वाट्याला काय येते, हे त्याच्या आसपास कोण आहे यावर बरेच ठरते. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात असा काही ना काही त्रास झालेल्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आले. घाबरून जावे असा हा आकडा नाही. पण पन्नास मुलांच्या वर्गात त्याची चारच मुले निघाली, तरी ती कुणाची तरी मुले आहेत. डोळे मिटले की अंधाराला घाबरणारे मूल असते. घरात जे चालते ते डोळे मिटल्यावर जास्त स्पष्ट दिसणारे मूलही असते. त्याला 'हलू नकोस, शांत बस' असे सांगायचे?

यावर कुणी म्हणेल की हे पाश्चात्त्यांचे खूळ. मला नेमके उलटे दिसते. आपले जुने ग्रंथ या बाबतीत आजच्या माहितीपत्रकांपेक्षा कितीतरी सावध आहेत. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात पतंजली नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगतात: व्याधी, मनाचा जडपणा, संशय, प्रमाद, आळस, विषयांची ओढ, भ्रांत दर्शन, पायरी न गाठता येणे आणि गाठलेली न टिकणे. लगेच पुढच्या सूत्रात त्यांच्या सोबत येणारे दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. लिंडाल-ब्रिटन यांच्या यादीशेजारी ही यादी ठेवून पाहा. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्गात ध्यानाचे चाळीस विषय आहेत आणि माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार. कुणाला कोणता विषय द्यायचा, हे आचार्याने शिष्याला पाहून ठरवायचे: तो चालतो कसा, जेवतो कसा, झाडू कसा मारतो. सरसकट सगळ्यांना एकच, असे तिथे नाही. आणि वैशालीची कथा तर पाली ग्रंथांनी लपवलेली नाही. शरीराच्या अशुभतेवर ध्यान करायला सांगून बुद्ध पंधरा दिवस एकांतात गेले. परतले तेव्हा भिक्षूंची संख्या रोडावलेली, कारण शरीराची किळस येऊन अनेकांनी जीव दिला होता. बुद्धांनी उरलेल्यांना एकत्र बोलावले आणि त्यांना आनापान शिकवले. परिणाम पाहून पद्धत बदलली. कथा आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकत नाही. पण ती जपून ठेवणाऱ्या परंपरेला ध्यानाचे दुष्परिणाम ठाऊक होते, हे नक्की.

'पाच हजार वर्षांची परंपरा, घराघरांत होती' हे वाक्यही परिपत्रकात होते. इथे इतिहासकारांचे काम उपयोगी पडते. ठाण्याच्या येऊरच्या पलीकडे, त्याच डोंगररांगेत, कान्हेरीची लेणी आहेत. भिक्षूंच्या खोल्या, दगडी ओटे, पाण्याच्या टाक्या. तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावे आहेत, अमक्याने खोली दिली, तमक्याने टाके खोदून दिले. गृहस्थाचे पुण्य देण्यात, भिक्षूचे बसण्यात, अशी ती वाटणी होती. नोकरदार गृहस्थांनी मोठ्या संख्येने दहा दिवस ध्यानाला बसायचे, ही रीत बरीच अलीकडची. १८८५ मध्ये इंग्रजांनी उरलेला ब्रह्मदेश गिळला, त्यानंतरच्या अस्वस्थ काळात लेडी सयाडो (१८४६-१९२३) यांनी धर्म वाचवायचा तर तो सामान्य माणसाच्या हाती द्यायला हवा म्हणून गृहस्थांना अभ्यास आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. त्या परंपरेतले सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. आपल्या कचेरीतच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवत. बेलापूरच्या सरकारी कार्यालयांतल्या मंडळींना हे आवडावे. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले. परंपरा अलीकडे नव्याने घडली म्हणून ती खोटी ठरत नाही. पण माणसांनी आपापल्या काळाच्या गरजेने ती घडवली, हे कळले की आपणही विचारू शकतो: आपल्या मुलांची गरज कोणती?

आणि कुणाची परंपरा, हाही प्रश्न आहेच. एकाच वर्गात वारकऱ्याघरचे मूल असते, बौद्ध असते, मुस्लिम, ख्रिस्ती, जैन, आणि देवधर्म न मानणाऱ्यांचेही. राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला सामील करून घेता येत नाही. ध्यान म्हणजे उपासना की व्यायाम, यावर वाद घालता येईल; अमेरिकेत न्यू जर्सीतल्या शाळांमधल्या भावातीत ध्यानाच्या वर्गांबद्दल असा वाद न्यायालयात गेला आणि १९७९ मध्ये अपील न्यायालयाने ते वर्ग धार्मिक ठरवले. आपण तो वाद न घालता सरळ संमती घेतली, तर काय बिघडते?

उलट, या विविधतेतच खरा संशोधनाचा विषय आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाही. २००१ मध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांच्या गटाने २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला साधारण सहावर आला, आणि हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्या लयी त्या श्वासाशी जुळल्या. मग हरिपाठाचे काय? करावे, दिवाळे, घणसोली, शिरवणे इथल्या आगरी-कोळी गावठाणांतली भजनी मंडळे, अखंड हरिनाम सप्ताह, वाशीच्या चर्चमधली रोझरी, विहारातली वंदना, मशिदीतला जिक्र. एका शहरात इतके प्रकार असलेले ठिकाण संशोधकाला शोधून सापडणार नाही. टाळकरी आजोबांचा श्वास मिनिटाला किती, हे मोजायला घड्याळ आणि त्यांची परवानगी पुरते.

मोजण्याची आपल्याला लाज वाटायचे कारणही नाही. घाट चढून वर गेले की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक. योगक्रियांचे क्ष-किरण फोटो काढणारा, पोटातला दाब मोजणारा हा माणूस. 'सिद्ध आहे' म्हणण्याआधी सिद्ध करून पाहणारा. पुढे १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले संशोधक आणि दिल्लीच्या एम्सचे बी. के. आनंद यांनी हृदय थांबवू शकतो म्हणणाऱ्या योग्यांना यंत्रे लावून पाहिले. नाडी लागेनाशी झाली, स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू येईनात, पण आलेखावर हृदय चालूच होते. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे येणारे रक्त कमी झाले होते. त्या योग्यांनी स्वतःहून यंत्रे लावून घेतली, याचे मला कौतुक वाटते.

तर माझा प्रस्ताव. समजा, आपल्यातल्या वीस शाळा तयार झाल्या. वीस चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या आणि पालकांसमोर, शक्यतो पाचवीच्या मुलाकडून, दहा उचलायच्या. त्या दहा शाळांत पहिल्या सत्रात ध्यान, उरलेल्या दहांत त्याच वेळी तितकाच वेळ गोष्टीचे वाचन. दुसऱ्या सत्रात सगळीकडे ध्यान. म्हणजे कुणावर अन्याय नाही, आणि पहिल्या सत्राच्या शेवटी आपल्याकडे खरी तुलना असेल. चिठ्ठ्याच का? कारण मुख्याध्यापकांच्या इच्छेवर सोडले तर उत्साही शाळा आधी सुरू करतील, आणि उत्साही मुख्याध्यापकांची शाळा आधीच बरी चाललेली असते. गोष्टीच का? कारण मुलांकडे रोज पंधरा मिनिटे कुणी प्रेमाने लक्ष दिले, याचाच परिणाम मोठा असू शकतो, आणि तो ध्यानाच्या खात्यावर जमा व्हायला नको.

काय मोजायचे ते आधी लिहून ठेवायचे: हजेरी, झोपेचे तास, आणि मुलांच्या भावनिक अडचणींसाठीची एखादी प्रमाणित प्रश्नावली. ती कोणती, हे मी ठरवणार नाही. ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्यांच्या तज्ज्ञांना विचारू. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधीच करायची; तिला पैसे पडत नाहीत, आणि नंतर निकाल आवडला नाही म्हणून गिळता येत नाही. नीतिसमितीची मंजुरी लागेल. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या लेखी संमतीबरोबर सात ते बारा वयाच्या मुलाची तोंडी आणि त्यावरच्या मुलाची लेखी मान्यता घ्यावी लागते. म्हणजे सातवीतल्या मुलीलाही 'नको' म्हणता येते, आणि तिचे 'नको' कागदावर येते. मोठ्या संस्थांना हे जमते: टाटा मेमोरिअलने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांत योगाची अशीच सोडतीने गट पाडून चाचणी केली आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये निकाल मांडला. आपली चाचणी त्या मानाने पोरखेळ आहे.

चाचणी करायची नसेल, तरी चार गोष्टी उद्या करता येतील. ध्यान ऐच्छिक ठेवा आणि न बसणाऱ्याला ग्रंथालयात जाऊ द्या, वर्गाबाहेर उभे करू नका. डोळे उघडे ठेवायला, हलायला, उठून जायला परवानगी द्या. शिकवणाऱ्याला घाबरलेले मूल ओळखता आले पाहिजे, आणि पुढे कुणाकडे पाठवायचे ते ठाऊक पाहिजे; शाळेच्या फलकावर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहा. पीटीचा तास परत द्या.

चिठ्ठ्या, तक्ते आणि हिशेब यांची जबाबदारी मी घेते, मानधन नको. माझ्या बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खऱ्या आकड्यांची गरज असतेच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी मी मोकळी असते. नेरूळ, सीवूड्स, बेलापूर कुठेही येईन, त्यापलीकडे हार्बरचा मेगाब्लॉक पाहून. ज्या शाळांना यायचे आहे त्यांनी पालक-शिक्षक संघामार्फत दिवाळीच्या सुट्टीआधी कळवावे, म्हणजे नोंदणी आणि मंजुरीला वेळ मिळेल आणि जूनमध्ये डबा उघडता येईल.

आपली,
एक पालक आणि संख्याशास्त्राची शिक्षिका
नेरूळ, नवी मुंबई